जगाचा डॉक्टर

डॉक्टर रिसबूड यांच्या जन्मशताब्दीसाठी पुण्यात एक समिती स्थापन झाली आहे. तिच्या चिटणिसांचे पत्र गेल्या महिन्यात आले. 'आपण डॉक्टरसाहेबांचे मुळशी तालुक्यातील सहकारी. त्यांच्या काही हृद्य आठवणी दोन पानांत लिहून पाठवाव्यात. तसेच त्यांच्या काळची एखादी वस्तू आपल्या संग्रही असल्यास प्रदर्शनासाठी द्यावी.' खाली सही, सहीखाली शिक्का. मी ऐंशीला टेकलो आहे, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण 'हृद्य' हा शब्द मला स्पष्ट दिसला. डॉक्टरांच्या आठवणी माझ्याकडे पोत्याने आहेत. त्यांत हृद्य एकही नाही. मला तो माणूस आवडत नव्हता. ते गेले तेव्हा वर्तमानपत्रात पाऊण पान मजकूर आला होता. तो मी अथपासून इतिपर्यंत वाचला आणि मग त्या पानावर शेंगा सोलल्या.

तेव्हा दोन पानांत काही मावणार नाही. जे मावेल ते समितीला छापवणार नाही. तरी लिहितो.

पंचवीस-सव्वीस साल असेल. मी नुकता डॉक्टरीची परीक्षा पास होऊन नोकरी शोधत होतो. वर मुळशीला धरण उठत होते. शेतकऱ्यांचा सत्याग्रह होऊन गेला होता, माणसे तुरुंग पाहून परत आली होती, आणि जी शेते पाण्याखाली जायची ती जाणारच होती. कामावर गावोगावचे मजूर आले, त्यांच्याबरोबर हिवताप आला आणि नदीच्या काठाकाठाने तो खाली नांदे-चांद्यापर्यंत उतरला. दसऱ्याच्या सुमाराला घरटी एक माणूस घोंगडीखाली कुडकुडत पडलेले असे. अशा वेळी डॉक्टर रिसबूड घोटावड्याला आले. विलायतेत शिकलेले, तिकडच्या मासिकांत निबंध छापून आलेले, एका परदेशी संस्थेचे पाठबळ असलेले. एक कौलारू घर भाड्याने घेतले आणि मदतनीस डॉक्टर म्हणून मला ठेवले. सामानाच्या आठ पेट्या होत्या. एकीत सूक्ष्मदर्शक, पाच पेट्यांत काचा आणि बाटल्या, एकीत कोयनेलच्या गोळ्या. क्विनाईनला तेव्हा सगळे कोयनेलच म्हणत. आठव्या पेटीत ओल्या मातीत गुंडाळलेले कमळांचे कंद होते. ते डॉक्टरांनी स्वतः उतरवून घेतले, मला हात लावू दिला नाही.

बेत असा होता. थोडे थोडे कोयनेल अख्ख्या गावाला आठवड्यातून दोनदा दिले तर गावातून ताप हटतो का, हे पाहायचे. त्यासाठी शेजारची, सारख्या पाण्याची, सारख्या वस्तीची दोन गावे हवीत. एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही, आणि दोहोंचे रक्त काचेवर घेऊन ताडून पाहायचे. कुणाला द्यायचे आणि कुणाला नाही, यासाठी डॉक्टरांनी खिशातून रुपया काढून ओसरीवर उडवला. नांद्याला कोयनेल मिळाले. चांद्याला मिळाले नाही.

"म्हणजे चांद्यात कुणी तापाने फणफणला तरी?" मी विचारले.

"तरी. एकालाही दिलंत तर तुलना बिघडली. दोन वर्षांनी चांद्यालाही मिळेल, साऱ्या जगालाच मिळेल. जगाचा विचार करा, लेले, जगाचा. एका गावाचा विचार करायला वैद्य पुरतो."

'जगाचा विचार करा' हे त्यांचे पालुपद. दिवाणखान्यात भिंतभर जगाचा नकाशा होता. हिवतापाचे देश त्यांनी लाल पेन्सिलीने रंगवले होते आणि आपण कुठे आहोत ते दाखवायला एक टाचणी टोचली होती. टाचणीच्या डोक्याखाली अख्खा पुणे जिल्हा झाकला जाई. संध्याकाळी आरामखुर्चीत पडून ते आफ्रिकेतल्या, ब्रह्मदेशातल्या, इटलीच्या दलदलीतल्या तापावर बोलत. बोलणे मोठे रसाळ, खोटे कशाला सांगू. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. ते इटलीच्या माणसांसाठी येई. माडीखाली चांद्याचा कुणी कुडकुडत बसलेला असला तर त्याला गड्याकरवी हाकलून देत.

दिसायला गोरेपान, उंच, खाकी अर्धी विजार, पायांना पट्ट्या. अंगाला गवती चहाच्या तेलाचा वास, डास येऊ नयेत म्हणून. जेवायलासुद्धा मच्छरदाणीत बसत. आत पाट, आत ताट, वाढणाऱ्या बाईने जाळी उचलून हात आत घालायचा आणि पटकन बाहेर घ्यायचा. रोग्याला नावाने हाक मारणे त्यांना ठाऊक नव्हते. प्रत्येकाला जस्ताचा एक बिल्ला दिला होता, त्यावर आकडा ठोकलेला, गळ्यात सुतळीने बांधायचा. "नांदे एकोणीस, पुढे ये." "चांदे सेहेचाळीस, बोट." बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर घ्यायचा, की दुसरा.

लोकांना ते पहिल्या दिवसापासून नकोसे होते. त्याला कारणही होते. हिवतापात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, पोटाच्या डाव्या बाजूला हाताला लागते, म्हणून डॉक्टर पोरांची पोटे टेपाने मोजत. आता या मुलखात टेप म्हटले की काय आठवायचे? चांद्याच्या वेशीवर बिरू म्हणून एक म्हातारा धनगर होता. तो काठी आडवी धरून उभा राहिला.

"आदी खुट्या ठोकल्या," तो म्हणाला. "मंग टेप लावला. मंग नोटीस आली अन वरची गावं पाण्यात गेली. आता आमच्या पोरांची प्वाटं मोजताय. ती बी बुडवायची हायेत व्हय?"

मी समजूत घालू लागलो तेव्हा डॉक्टर मागून म्हणाले, "लेले, तो काय म्हणतो ते मला नको. पोट किती इंच ते सांगा."

पुढच्या आठवड्यात धनगरवाड्यावर गेलो तर बिल्ला बिरूच्या गळ्यात नव्हता. चांदे सेहेचाळीस एका काळ्या बोकडाच्या गळ्यात लोंबत होता. आणखी पाच-सहा आकडे मेंढरांतून हिंडत होते. डॉक्टर लालबुंद झाले. बिरू शांतपणे म्हणाला, "बकरू हरावतं, डाक्तरसाहेब, म्हनून त्याला बांधला. मी कुटं हरावतोय?" मला हसू आवरेना, मी पाठ फिरवून काचा पुसू लागलो. डॉक्टरांनी मात्र तिथल्या तिथे बोकडाच्या गळ्यातला बिल्ला काढून बिरूच्या गळ्यात गाठ मारून बांधला, आणि रागाच्या भरात इतकी घट्ट बांधली की त्याच्या सुनेला कोयत्याने सुतळी कापावी लागली. ही सून म्हणजे साळू. एकवीस-बावीस वर्षांची, काटक, तोंडाने तिखट, कडेवर तान्ही मुलगी. माहेर नांद्याचे. पुढचे सगळे तिच्याभोवती आहे म्हणून नाव सांगून ठेवतो. डॉक्टरांच्या वहीत ती चांदे अठ्ठेचाळीस.

तिची आई हौसाबाई, नांदे एकोणीस, ही तर डॉक्टरांची हाडवैरीणच. डास साठवणीच्या पाण्यात होतात म्हणून डॉक्टर घरोघर जाऊन रांजण उपडे करवीत. बायांनी अर्ध्या कोसावरून डोक्यावर आणलेले पाणी. हौसाबाईचा रांजण उपडा झाला त्याच दिवशी ती दोन कोस चालत घोटावड्याला आली आणि सरळ मागल्या अंगणात घुसली. तिथे डॉक्टरांचा कमळांचा हौद होता. हाच त्यांचा एकमेव छंद. सकाळ-संध्याकाळ काठावर बसून पाने पुसत, फुलांची चित्रे काढत. हौसाबाईने तांब्या बुडवला, वर धरला, आणि मला हाक मारली. "धाकलं डाक्तर, बघा जरा." तांब्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

"आमचा रांजण वतला," ती डॉक्टरांना म्हणाली, "ह्यो कवा वतायचा?"

डॉक्टरांनी तांब्यात वाकून पाहिले. मग मला म्हणाले, "तिला सांगा, हा हौद तुलनेसाठी ठेवला आहे."

मी सांगितले नाही. तिला ते मराठीत ऐकू आलेच होते. ती हसली, तांब्यातले पाणी त्यांच्या बुटांपाशी ओतले आणि निघून गेली. हौद तसाच राहिला.

आता न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर समितीला वाटेल की म्हातारा नुसता जळतो आहे. त्या माणसाचा हात आणि डोळा देवाने दिलेला होता. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत, मान मोडून येई तरी एक काच टाळत नसत. हिवतापाचा जंतू काचेवर कसा ओळखायचा हे मला त्यांनी शिकवले, आणि तेवढ्या एका विद्येवर मी पुढे चाळीस वर्षे पोट भरले. मी चुकलो तर ओरडत नसत, पुन्हा दाखवीत. एकदा एका रोग्याची दया येऊन मी काहीतरी बोललो, तेव्हा त्यांनी डोळा न उचलता म्हटले होते, "भावना काचेवर दिसत नाही, लेले." मला ते वाक्य तेव्हा फार मोठे वाटले. मी वहीत उतरवून ठेवले होते. पुढे ते पान फाडले.

वर्ष सरले आणि आकडे विचित्र येऊ लागले. कोयनेल खाणाऱ्या नांद्यातला ताप हटायचा तेवढा हटेना. आणि कोयनेल न मिळालेल्या चांद्याच्या धनगरवाड्यावर मात्र काचा स्वच्छ निघू लागल्या. डॉक्टरांनी त्या तीन-तीनदा पाहिल्या. मग एके दिवशी ते उठून फेऱ्या मारू लागले. त्यांना कोडे सुटले होते. धनगर मेंढरांच्या सोबत झोपतात, डास मेंढरांना चावतात, माणूस वाचतो! त्या दिवसापासून त्यांनी धनगरवाड्यावर ठाण मांडले. मेंढरू माणसापासून किती हातांवर बसते, बकरी किती हातांवर, सगळे टेपाने मोजले. निबंध लिहिला, विलायतेला धाडला. तिकडून उत्तर आले ते त्यांनी मला दोनदा मोठ्याने वाचून दाखवले. तिकडच्या मोठ्या परिषदेत निबंध वाचायचे निमंत्रण होते. "साऱ्या जगाला उपयोगी पडेल," ते म्हणाले. "औषधाशिवाय, लेले! नुसत्या मेंढ्या!"

मला तेव्हा खरे काय ते ठाऊक झाले होते. थोड्याच दिवसांपूर्वी मी एकटा काचा घ्यायला गेलो असता साळूने मुलीला पाजता पाजता विचारले होते, "धाकलं डाक्तर, त्या कडू गोळ्या उपाशीपोटी घ्याच्या का जेवून?"

"कुठल्या गोळ्या?"

"आई धाडती त्या."

इथे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे शेतात नवे काही आले, मग ती पहिली काकडी असो, हुरडा असो की ओल्या शेंगा, की त्यातले सूपभर लेकीच्या, बहिणीच्या घरी धाडतात. त्याला वानवळा म्हणतात. तो गेल्याशिवाय घरात कुणी तोंडात घालत नाही. नांदे आणि चांदे ही नकाशावर दोन गावे असतील, पण नांद्याच्या लेकी चांद्याला आणि चांद्याच्या नांद्याला, असा सगळा सोयऱ्याधायऱ्यांचा गुंता. नांद्याच्या चावडीवर आम्ही हातावर गोळी ठेवायचो, वहीत खूण करायचो, आणि डॉक्टर समजायचे की ती पोटात गेली. हौसाबाईने आणि तिच्या भावकीतल्या बायांनी पहिल्याच दिवशी गोळ्या पदराच्या गाठीला मारल्या होत्या. दोन मिळाल्या की एक आपल्याला, एक लेकीच्या घरी. डॉक्टरांनी दोन सारखी गावे शोधली होती. त्या गावांच्या मध्ये बाया चालतात, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

मी डॉक्टरांना सांगितले नाही. गोळ्या चांद्याला पोचत होत्या आणि माणसे जगत होती, हे एक कारण. दुसरेही लपवीत नाही. त्यांना मेंढरांमागे टेप घेऊन धावताना बघून मला आसुरी आनंद होत होता.

पुढच्या उन्हाळ्यात परदेशी संस्थेचा एक साहेब पाहुणा म्हणून आला. डॉक्टर त्याला धनगरवाड्यावर घेऊन गेले. मेंढरे पुढे, धनगर मागे, अशी मांडणी केली होती. त्या दिवशी हौसाबाई नातीला भेटायला आली होती, दाराशी बसली होती. साहेबाला तोंडची साक्ष हवी होती. डॉक्टरांनी तिलाच विचारले, "काय गं, या वाडीवर ताप येत नाही तो मेंढरांमुळेच ना?"

गप्प बसली असती तर सगळे तसेच चालले असते. पण वानवळा धाडायचा आणि त्याचे नाव दुसऱ्याने घ्यायचे, हे तिकडच्या बाईला सहन होणारे नव्हे. दिलेल्याचा उच्चार व्हावा लागतो, नाहीतर तो अपमान. आणि इथे तर नाव चालले होते मेंढरांचे. ती ताडकन उभी राहिली.

"मेंढरांनी काय केलं? आमी आमच्या तोंडातलं काढून लेकीला धाडतुया! वरीस झालं, दर बाजाराला गाठ बांधून आणतुया! इचारा ह्या पोरीला. मेंढरं म्हनं!"

साळूने मान हलवली. बिरू काठीवर हनुवटी टेकून डॉक्टरांकडे बघत होता. मी काचांच्या पेटीकडे बघत होतो. साहेबाने विचारले, ही काय म्हणते? डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला होता, पण आवाज हलला नाही. त्यांनी इंग्रजीत सांगितले, "ती म्हणते, या मेंढ्यांची काळजी ती जातीने घेते."

साहेबाने टोपी काढून हौसाबाईला मान लववली.

दुसऱ्या दिवसापासून नांद्याला गोळी बंद झाली. कोयनेलचे पाणी आले. चमच्याने डॉक्टर स्वतः तोंडात घालीत, "गिळ. तोंड उघड. जीभ वर," असे दरडावीत, आणि पुढच्याला बोलावीत. उरलेल्या गोळ्या कपाटात बंद केल्या, किल्ली आपल्या घड्याळाच्या साखळीला लावली. आणि मला सांगितले, "धनगरवाड्याच्या काचा आता घ्यायच्या नाहीत."

"का? आता तर पाहायला हवं, गोळ्या बंद झाल्यावर..."

"निबंध पूर्ण झाला आहे, लेले."

ज्या माणसाने कधी काच टाळली नाही त्याने त्या दिवशी काचा नको म्हटले. त्यांच्याविषयी जो काही आदर माझ्यात शिल्लक होता तो तिथे संपला. पण नोकरी सोडली नाही. तेही लिहून ठेवतो.

भाद्रपद संपता संपता साळू पडली. पहिल्या दिवशी हुडहुडी, दुसऱ्या दिवशी बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच. पौडच्या दवाखान्यातले कोयनेल त्या पावसाळ्यात संपले होते. आमच्या कपाटात भरपूर होते. हौसाबाई घोटावड्याला आली. या वेळी अंगणात घुसली नाही, पायरीशी उभी राहिली.

"डाक्तरसाहेब, तुमचं पानी मी गिळतुया, त्वांड उघडून दावतुया. माज्या वाटनीचं पोरीला द्या. मला नगं."

डॉक्टर प्रवासाच्या पेट्या भरत होते. विलायतेच्या परिषदेला आठवड्याभराने निघायचे होते. ते तिच्यावर ओरडले नाहीत. एखाद्या शहाण्या माणसाशी बोलावे तसे बोलले, आणि तेच मला जास्त झोंबले. "बाई, चांद्याला पुढच्या वर्षी देणार आहोत. आत्ता एकाला दिलं तर दोन वर्षांचं काम फुकट जाईल. जगात तुझ्या मुलीसारख्या लाखो मुली आहेत."

"आसतील," हौसाबाई म्हणाली. "माजी येकच हाय."

डॉक्टर पेटीकडे वळले. ती माझ्याकडे वळली. "धाकलं डाक्तर, तुमी तरी वाईच..." मी म्हटले, बघतो. बघतो! काय बघायचे होते त्यात? कपाट होते, कुलूप होते, आणि रोज सकाळी आठला डॉक्टर न्हाणीत गेले की घड्याळ साखळीसकट टेबलावर असे. दहा मिनिटांचे काम. मला शिफारसपत्र हवे होते. ते निघण्यापूर्वी देणार होते. मी एक दिवस बघितले, दोन दिवस बघितले, चार दिवस बघितले. पाचव्या दिवशी बिरू आला, घाटातल्या पावसाने भिजलेला, आणि म्हणाला, "सून वळखत न्हाई कुनाला." त्या सकाळी आठला मी कपाट उघडले. मूठभर गोळ्या कागदात बांधून बिरूबरोबर वाटेवरच्या नांद्यापर्यंतच गेलो, चांद्यात औषध देताना कुणी पाहू नये म्हणून. बिरूच्याने आता पळवत नव्हते, तेव्हा त्या हौसाबाईच्या हातात दिल्या. दर वेळेसारख्या तिने त्या पदराला गाठ मारून बांधल्या आणि चांद्याच्या वाटेने पळत सुटली. साठीची बाई, चिखलातून.

ती पोचली तेव्हा साळूला घोंगडीवरून खाली घेतले होते.

मी संध्याकाळी डॉक्टरांना सांगितले. चांदे अठ्ठेचाळीस म्हटले नाही, साळू म्हटले. त्यांना कोण ते कळेना, मग आकडा सांगावा लागला. त्यांनी वही उघडून तो आकडा शोधला. "मरण्यापूर्वी काच घेतली होती?"

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"मग कशाने गेली हे आपल्याला सांगता येणार नाही," ते म्हणाले. छापील निबंध पुढे मी पाहिला. धनगरवाड्याच्या रकान्यात तापाने मेलेले कुणी नाही.

शेवटचे पाहिले ते त्यानंतर दोन दिवसांनी. पुण्याहून मोटार आली होती. पेट्या चढल्या. डॉक्टर सुटाबुटात, खिशात माझे शिफारसपत्र, ते त्यांनी मला दिले आणि मी घेतले. कमळांना रोज पाणी बघा, असे गड्याला बजावत होते, तेवढ्यात रस्त्याने हौसाबाई येताना दिसली. कडेवर साळूची मुलगी. मला वाटले शिव्या देईल, दगड उचलेल. मला ते हवेही होते. ती मोटारीपाशी येऊन थांबली, मुलीला खाली उभे केले, पदराची गाठ सोडली आणि मूठ पुढे केली. त्या माझ्याच गोळ्या. ओल्या होऊन पिवळट पडलेल्या.

"घ्या, डाक्तर," ती म्हणाली. "लेकीला पोचल्या न्हाईत. तुमी जगाकडं चाललाय न्हवं? त्याला आमचा वानवळा द्या."

डॉक्टरांनी हात पुढे केला, सवयीने. गोळ्या तळहातावर घेऊन नीट पाहिल्या. गोळ्या तर महिनोन्‌महिने कुलपात होत्या. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. सगळे कळले त्यांना, अगदी एका नजरेत. मी वाट पाहत होतो. चोर म्हणा, शिफारसपत्र परत घ्या, काहीतरी म्हणा! ते म्हणाले, "लेले, एक बाटली आणा. लेबल लावा."

मी आत जाऊन बाटली आणली, बूच आणले, लेबल आणले. दौत मोटारीच्या पायरीवर ठेवली. हौसाबाई बघत होती.

"काय लिहू?" मी विचारले.

त्यांनी सांगितले, मी लिहिले. त्यांनी गोळ्या बाटलीत सोडल्या, बूच लावले, बाटली उजेडाकडे धरून पाहिली. मग मोटारीत बसायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून ती माझ्या हातात दिली. आत बसल्यावर परत मागायची राहून गेली. मोटार वळली तेव्हा ते काचेआड मान खाली घालून कागद वाचत होते. निबंधच असावा. ओठ हलत होते.

त्यानंतर ते या तालुक्यात आले नाहीत. चांद्याला पुढच्या वर्षी द्यायचे कोयनेलही आले नाही.

समितीने प्रदर्शनासाठी वस्तू मागितली आहे. ती बाटली माझ्याकडे आहे, या पत्रासोबत पाठवतो. हौसाबाईने ती जगाला धाडली होती. मध्ये ती पंचावन्न वर्षे माझ्या कपाटात राहिली, मला पोचवायला नेहमीच उशीर होतो. गोळ्यांचा आता भुगा झाला आहे. लेबल मात्र शाबूत आहे, कृपा करून बदलू नये. अक्षर माझे आहे, मजकूर डॉक्टरांचा: 'चांदे. न वापरलेल्या.'